चौदा नंबरवाल्याचे चौकोन

कम्प्युटरमध्ये ‘सेटिंग’ नावाची एक जागा असते. अब्रूदार माणसाने तिथे जाऊ नये. ‘एवढं एक बघतो आणि येतो’ म्हणून माणूस आत शिरतो, आणि बाहेर येतो तेव्हा प्रिंटर बंद पडलेला असतो, घड्याळ तीन तास मागे गेलेलं असतं आणि बायको दारात उभी राहून “आता काय केलंत?” असं विचारत असते. हे मी ऐकीव सांगत नाही.

त्या काळी कम्प्युटर घरातल्या चांगल्या खोलीत असायचा आणि त्याला झालरीचं कव्हर असायचं. इंटरनेट लावलं की टेलिफोन बंद, टेलिफोन वाजला की इंटरनेट बंद. जोडणी होताना आतून कुणीतरी घसा खाकरून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. तो ऐकला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “लागलं बाई एकदाचं!” आता तो आवाज कुठेच ऐकू येत नाही. मला त्याची फार आठवण येते. हसायचं तर हसा.

तर त्या कम्प्युटरमध्ये गप्पा मारायचं एक सॉफ्टवेअर होतं. एवढीशी खिडकी, कोपऱ्यात पिवळे हसरे चेहरे, आणि पलीकडे कुणी आलं की दार उघडल्याचा आवाज. या खिडकीपायी मी देशोधडीला लागायचाच बाकी राहिलो.

माझे वडील तरुणपणी एका थंड देशात, तिथल्या कारखान्यात दीड वर्ष लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं, काम शिकून आले होते. या दीड वर्षावर त्यांनी पुढची चाळीस वर्षं काढली. इमारतीत त्यांना सगळे ‘फॉरेनकाका’ म्हणत. बाबांना तिथली भाषा पाण्यासारखी येते, हे आमच्या इमारतीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. पुरावा म्हणून त्या भाषेतलं एक लांबलचक वाक्य होतं. पाहुणे आले की बाबा डोळे अर्धवट मिटून ते म्हणत. अर्थ विचारला की म्हणत, “मैत्री जुनी झाली तरी गंजत नाही.” पाहुणे “वा!” म्हणत आणि आई चहा टाकायला उठे.

ही मैत्री होती चौदा नंबरवाल्याशी. चौदा हा लेथचा नंबर. एका पाळीला बाबा त्या लेथवर, दुसऱ्या पाळीला तो. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्या भाषेत म्हणायचं, “चौदा!” म्हणजे मशीन ठीक, मी ठीक, आता तू सांभाळ. बाकी दोघांत काय बोलणं होत असेल ते देव जाणे, पण बाबा सांगत की आम्ही एकमेकांना आपापली भाषा शिकवली. “तो मराठी बोलायचा!” असंही सांगत.

दोघांचा लेथजवळचा एक फोटो होता. तो मी जुन्या यंत्रांचं वेड असलेल्या लोकांच्या एका वेबसाइटवर टाकला आणि विसरलो. सहा महिन्यांनी एका मुलीचं इंग्रजीत पत्र आलं. ती चौदा नंबरवाल्याची नात. आजोबा हयात आहेत, फोटो बघून दिवसभर जेवले नाहीत. ती सुट्टीसाठी त्यांच्याकडे आली होती. सुट्टीचे तीन रविवार उरले होते, मग ती शिकायला दूर जाणार, आणि कम्प्युटर तिच्याबरोबर. म्हणजे जे काय बोलायचं ते या तीन रविवारांत.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी म्हणालो, “काही काळजी करू नका. अर्ध्या तासाचं काम आहे.”

बायको म्हणाली, “मुलीकडूनच इंग्रजीत करून घ्या ना सगळं. ती वाचून दाखवेल.”

“मध्ये दुभाष्या कशाला?” बाबा कडाडले. “त्याने त्याच्या भाषेत लिहावं, मी वाचीन. मी आपल्या भाषेत लिहितो, तो वाचेल. शिकवलीय मी त्याला!”

पहिल्या रविवारी दुपारी दार उघडल्याचा आवाज झाला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी मला मराठीत पानभर मजकूर सांगितला, त्यात गुडघेदुखीपासून इमारतीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं होतं. मी तो टाइप करून पाठवला. पलीकडून उत्तर यायला लागलं. ओळीमागून ओळी. सगळी प्रश्नचिन्हं. एकापुढे एक, कवायतीला उभी केल्यासारखी.

आई चष्मा सावरत म्हणाली, “अगं बाई, किती प्रश्न विचारतोय तो! उत्तरं द्या की त्याला.”

बाबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “यंत्रात बिघाड आहे.” आणि उठून खाली कट्ट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, बिचाऱ्यांची निराशा झाली. पण खाली त्यांनी दोन तास मोठ्या आनंदात गप्पा मारल्या. “पोराचा कम्प्युटर कच्चा निघाला, नाहीतर फडाफडा वाचलं असतं,” हे वाक्य मी तिसऱ्या मजल्यावरून स्पष्ट ऐकलं. जिव्हारी लागलं. मी ठरवलं, आता ही अक्षरं दिसल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणजे आमच्या इमारतीची सर्वज्ञ संस्था. त्यांचा पुतण्या कुठेतरी कम्प्युटर शिकत होता, त्यामुळे सेक्रेटरींना आपोआप येत होतं. ते म्हणाले, “परदेशी आहे ना? मग भाषा ‘वेस्टर्न’ करा. सोपं आहे.” मी केली. दुसऱ्या रविवारी प्रश्नचिन्हं गेली आणि त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आली. पण काय थाटाची! कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाला तिरकी शेंडी, एकाच्या तर पायाशी शेपूट.

“हे मात्र सुंदर आहे,” आई म्हणाली. “स्वेटरच्या बॉर्डरला घालता येईल.” आणि खरंच कागद आणून उतरवून घ्यायला लागली.

“वाचा ना बाबा,” मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली. “ही त्याची लिपी नव्हे. ही त्याच्या शेजारच्या देशाची दिसते.” आणि पुन्हा कट्टा.

एक रविवार उरला. मी कम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा मनुष्य सगळ्या रोगांवर एकच औषध देत असे, ‘फॉरमॅट मारू’. ते मी नको म्हटल्यावर तो खट्टू झाला आणि नाइलाजाने समजावून सांगायला लागला. “साहेब, असं समजा, कम्प्युटरमध्ये अक्षरांची एक इमारत आहे. खालच्या मजल्यांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. ते मालक, ते कुठल्याही देशात हलत नाहीत. वरच्या खोल्या भाड्याच्या. आपल्याकडे तिथे टोपीवाली अक्षरं राहतात, त्यांच्याकडे त्यांची सिरिलिक लिपी. खोली तीच, राहणारा वेगळा. तुम्ही सिरिलिकच्या दारावर टोपीवाल्याला हाका मारताय.”

“आणि आपली मराठी कुठे राहते?”

“ती टोपीवाल्यांकडे पोटभाडेकरू,” तो म्हणाला. “नुसता फॉन्टचा मुखवटा आहे साहेब, आत टोपीवालेच.”

मला वाईट वाटलं. एवढी आपली भाषा, आणि ही तिची राहायची सोय! पण ते दुःख करायला वेळ नव्हता. सिरिलिकला राहायला आणायचं तर कम्प्युटरची मूळ सीडी हवी होती. आमची सीडी कम्प्युटरवाल्याने दिली नव्हती, कारण ती त्याच्याकडेही नव्हती. ती होती माझ्या ऑफिसात.

मी पाणीपुरवठा कार्यालयात नळजोडणी विभागात होतो. सीडी कपाटात, कपाटाची किल्ली भांडारपालाकडे आणि भांडारपालाचं मन साहेबांच्या सहीत. अर्जात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘सिरिलिक बसवणे.’ भांडारपाल म्हणाला, “हा व्हॉल्व्ह किती इंची आहे?” मी म्हणालो, “व्हॉल्व्ह नाही, लिपी आहे.” तो म्हणाला, “मग आपल्याकडे नोंद नाही.” शेवटी कारण बदलून ‘नागरिकांच्या सोयीसाठी’ असं लिहिलं. आमच्याकडे या दोन शब्दांपुढे कुणी काही विचारत नाही. साहेबांनी सही केली, पण शेरा मारला: ‘प्रथम कार्यालयीन संगणकावर चाचणी घ्यावी.’

साहेबांचा शेरा म्हणजे शेरा. मी कार्यालयीन संगणकावर सिरिलिक बसवली. त्याच दुपारी टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील, अशा नोटिसा त्या संगणकावरून छापून भागाभागात गेल्या. त्यातल्या मराठी पोटभाडेकरूंची काय अवस्था झाली असेल ते मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ नोटीस घेऊन आले. मला वाटलं, आता हे ओरडणार. ते म्हणाले, “पहिल्यांदाच तुमची नोटीस वाचून राग आला नाही. फक्त पाणी जाणार आहे की येणार आहे, तेवढं सांगा.” साहेबांना मात्र राग आला. माझ्या टेबलावर ‘लेखी खुलासा करावा’ असा कागद आला. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कुणी खुलासा मागितला नव्हता. खुलासा मागण्याजोगं मी काही केलंच नव्हतं. खरं सांगतो, भीती वाटली, पण थोडी ऐटही वाटली.

सीडी घरी आणली. ती चहाचा कप ठेवायला वापरली जात असावी. पुसून पुसून चालवली. शनिवारी दुपारी सिरिलिक आमच्या घरी राहायला आली आणि पंधराव्या मिनिटाला सेक्रेटरी आले. इमारतीचा वार्षिक अहवाल आमच्याच कम्प्युटरवर बायकोने टाइप केला होता. त्यांना प्रिंट हवी होती. मी फाइल उघडली.

“हे काय?” सेक्रेटरी म्हणाले.

“अहवाल,” मी म्हणालो.

“कुठल्या इमारतीचा?” त्यांचा आवाज चढला. “अहो, इथे जिन्यातल्या दिव्याचा ठराव होता माझा! आता इथे काय ठरलंय ते कुणाला माहीत!”

संध्याकाळी सभा होती. पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता, सेटिंग मागे न्यायची माझी तयारी नव्हती. सेक्रेटरी तोच कागद घेऊन गेले. सभेत तो अहवाल नेहमीप्रमाणे न वाचता एकमताने मंजूर झाला.

बायको रात्रीच्या भांड्यांवर राग काढत म्हणाली, “अर्ध्या तासाचं काम ना?” पण त्याआधीच दुपारी नातीने चाचणीसाठी एक ओळ पाठवली होती आणि ती पडद्यावर उमटली होती. ठसठशीत, काळी, लोखंडी फाटकाच्या गजांसारखी ताठ अक्षरं. एकही टिंब, टोपी, प्रश्नचिन्ह नाही. मला एका अक्षराचा अर्थ कळत नव्हता, पण छाती भरून आली. आयुष्यात एक गोष्ट मी शेवटपर्यंत नेली होती. मी सगळ्या इमारतीला सांगून आलो, “उद्या दुपारी या. बाबा वाचणार आहेत.”

बाबा म्हणाले, “एवढी माणसं कशाला? राहू दे ना. होईल सावकाश.”

“सावकाश कुठलं? शेवटचा रविवार आहे!” मी म्हणालो. मला तो माझ्या कर्तबगारीवरचा अविश्वास वाटला.

रविवारी आमच्या चांगल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्रेटरी तर खुर्ची घरून घेऊन आले होते. खाकरून किंचाळून इंटरनेट लागलं. दार उघडल्याचा आवाज झाला. आणि पहिली ओळ आली, दुसरी आली, पाच-सहा ओळी आल्या. सगळी अक्षरं जिथल्या तिथे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! कम्प्युटरवालासुद्धा दारातून “मान गये साहेब” म्हणाला.

“हं, फॉरेनकाका,” सेक्रेटरी म्हणाले, “वाचा आता. मोठ्याने वाचा.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. बोट पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर गेलं, तिथे थांबलं आणि परत पहिल्यावर आलं. पहिलीतलं मूल वाचतं तसं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांचे कान लाल झाले होते.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कट्ट्यावरचा तो आनंद, ‘राहू दे ना, होईल सावकाश’, शेजारच्या देशाची लिपी. चाळीस वर्षांत बाबा सगळं विसरले होते. कदाचित फारसं कधी आलंही नसेल. आणि मी, त्यांचा कर्तबगार मुलगा, सगळी इमारत गोळा करून त्यांना फळ्यासमोर उभं केलं होतं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे असे कधी बघत नसत.

“थांबा थांबा,” मी म्हणालो. “अक्षर बारीक आहे. जरा मोठं करतो.” आणि गेलो सरळ सेटिंगमध्ये. या खेपेला मला बरोबर ठाऊक होतं कुठे जायचं ते. त्या खिडकीला मी आपला मराठीचा फॉन्ट लावला. लोखंडी फाटक कोसळलं. पडद्यावर चौकोनच चौकोन.

“केलंत वाटोळं!” सेक्रेटरी किंचाळले. “हात शिवशिवतात का हो तुमचे?”

“चांगलं चाललं होतं की!” कुणीतरी मागून म्हणालं. कम्प्युटरवाला म्हणाला, “मी म्हटलं होतं, फॉरमॅट मारू.” मी उगाच इकडेतिकडे बटणं दाबून घामाघूम झाल्याचं दाखवलं. खरं तर तो घाम खराच होता.

बाबांचा आवाज एकदम मोकळा झाला. “अरेरे! आत्ता कुठे वाचायला लागलो होतो. हवापाण्याचं लिहिलं होतं त्याने. पुढे महत्त्वाचं असणार. पण आमच्या चिरंजीवांना धीर नाही!”

“नाहीच मुळी,” सेक्रेटरी म्हणाले आणि खुर्ची उचलून निघाले. त्यांच्यामागे बाकीचे. जिन्यातून बराच वेळ माझंच नाव चाललं होतं. बायकोने चहा आणला आणि पहिला कप बाबांच्याऐवजी मला दिला.

खोलीत आम्ही तिघं-चौघंच उरलो. पलीकडून चौकोन येतच होते. बाबा नुसते बघत बसले होते. मग चौकोन थांबले. खिडकी बराच वेळ रिकामी राहिली आणि मग खाली एकच छोटी ओळ आली. चौकोन नव्हते. आमच्या फॉन्टमध्ये, आमच्या लिपीत स्वच्छ लिहिलं होतं: १४.

आकडे मालक असतात, ते कुठे हलत नाहीत. आपल्या फॉन्टने त्यांना फक्त मराठी सदरा घातला होता. पण बाबांना ते कशाला सांगा? बाबा ओरडले, “बघ! बघ! मराठीत लिहिलं त्याने! म्हटलं नव्हतं, मी शिकवलीय?” ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी मला बाजूला सारलं, कम्प्युटरला जन्मात हात लावला नव्हता, तरी एका बोटाने एक दाबला, चार दाबला. पलीकडून लगेच पुन्हा १४. इकडून १४. दोन म्हातारे किती तरी वेळ तेवढंच बोलत होते.

शेवटी बाबा खुर्चीवरून उठले. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चौदा.” आणि आत जाऊन झोपले.

सोमवारी मी त्या खिडकीचा फॉन्ट सोडून बाकी सगळं सेटिंग पूर्वीसारखं केलं. सेक्रेटरींना अहवाल मिळाला, साहेबांना खुलासा मिळाला. नातीने जाताना आजोबांसाठी एक जुना कम्प्युटर मिळवून दिला, त्यामुळे रविवार पुढे चार वर्षं चालले. बाबा मला मराठीत पानभर सांगत, मी पाठवी. तिकडून पानभर चौकोन येत, बाबा ते शांतपणे नजरेखालून घालत. शेवटी दोन्हीकडून चौदा. मी परत कधी काही दुरुस्त केलं नाही.

आता ती खिडकीही नाही, तो किंचाळणारा आवाजही नाही आणि बाबाही नाहीत. मधे एकदा सहज बाबांचं ते लांबलचक वाक्य मी माझ्या फोनसमोर म्हणालो. चाळीस वर्षं ऐकलेलं, तोंडपाठ होतं. फोनने क्षणात मराठी करून दिलं: ‘यंत्र चालू असताना तेल घालू नये.’ मी एकटाच खोलीत हसलो, आणि मग बराच वेळ हसलो नाही.

गेल्या वर्षी त्या नातीचा निरोप आला. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, सामान आवरताना तो फोटो सापडला म्हणून लिहितेय, असं होतं. पुढे लिहिलं होतं: ‘दर रविवारी पाहुणे जमवून आजोबा तुमच्या वडिलांचं लिखाण आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. तुमची भाषा त्यांना फार छान यायची. आमच्या पडद्यावर मात्र नुसते चौकोन दिसायचे. मी एकदा सुट्टीत ते दुरुस्त करायला बसले तर भयंकर चिडले. ते म्हणायचे, तुमचे वडील मोठे कारखानदार झालेत, आणि अजून रोज आमची आठवण काढतात. खरंच असं लिहायचे का हो ते?’

गुडघे, पाण्याची टाकी, सेक्रेटरी, जिन्यातला दिवा. मी सगळं टाइप केलं होतं, मला ठाऊक होतं काय लिहिलं होतं ते.

‘आजोबांनी जे वाचलं,’ मी उत्तर लिहिलं, ‘अगदी तेच लिहिलं होतं.’ आणि खाली एक दाबला, चार दाबला.